सारख्या वजनाच्या दोन सॅक

आमच्या तळघरात त्याला सगळे मापाडी म्हणत. बाजारात धान्य मोजणाऱ्याला म्हणतात तसं. त्याला ते आवडायचं. वर दुकान होतं. लांब पल्ल्याच्या पायी प्रवासाला लागणारं सामान तिथे मिळायचं, म्हणजे सॅक, तंबू, बूट, स्लीपिंग बॅगा, गॅसवर चालणाऱ्या मुठीएवढ्या शेगड्या. खाली तळघरात आम्ही दोघं. भिंतीला लागून माझं शिलाईचं मशीन. त्यावर मी सॅकचे तुटलेले पट्टे शिवायचो, चेन बदलायचो, तंबूंना ठिगळं लावायचो. समोर त्याचं लांब टेबल आणि टेबलावर ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. सव्वीस वर्षं आम्ही असे समोरासमोर बसलो.

त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी तळघरात तिघंच होतो आणि त्यातला आता मी एकटाच उरलो आहे.

मापाडीचा एक पाय जन्मापासून दोन बोटं आखूड होता. त्यामुळे तो स्वतः कधी डोंगरात गेला नाही. पण आमच्या गावापासून दोन तासांवर सुरू होणारी जी सव्वीस दिवसांची पायवाट आहे, तिचा प्रत्येक पाणवठा, प्रत्येक निवारा, प्रत्येक फाटा त्याला पाठ होता. नकाशावरून आणि परत आलेल्या लोकांना विचारून विचारून पाठ केलेला. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, ‘काका, तुमचं म्हणजे डोंगर दुरून साजरे.’ त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. ‘दुरूनच दिसतात ना. जवळ गेलं की पायाखालचा दगड तेवढा दिसतो.’

त्याचं काम म्हणजे निघणाऱ्या माणसाचं ओझं कमी करणं. पायवाटेवर निघायच्या आधी लोक भरलेली सॅक घेऊन तळघरात यायचे. तो ती टेबलावर उपडी करायचा. मग एकेक वस्तू काट्यावर ठेवायचा, वजन कागदावर लिहायचा आणि सामानाचे तीन ढीग करायचा. जाणार, राहणार आणि भांडणार. तिसऱ्या ढिगात त्या वस्तू असत ज्या त्याला काढायच्या असत आणि माणसाला न्यायच्या असत. कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा तीन जाड पुस्तकं घेऊन आले होते.

‘ही कशाला?’

‘वाचायला.’

‘चढावर वाचणार की उतारावर?’

‘संध्याकाळी, तंबूत.’

‘साहेब, तिसऱ्या दिवसानंतर संध्याकाळी तुम्ही स्वतःचं नाव वाचलंत तरी पुष्कळ. एक न्या. तेही अर्धं फाडून न्या.’

ते गृहस्थ खरोखर अर्धं पुस्तक घेऊन गेले. परत आले तेव्हा उरलेलं अर्धं न्यायला तळघरात आले आणि म्हणाले, बरं झालं काढलंत. असे पुष्कळ जण यायचे. टूथब्रशांचे दांडे तो करवतीने अर्धे कापायचा. डब्यांऐवजी पिशव्या द्यायचा. जाकिटाच्या आतली कापडी लेबलं मला उसवायला लावायचा. मी म्हणायचो, ‘अरे, या सगळ्या लेबलांचं मिळून वजन किती भरणार?’ तो म्हणायचा, ‘तू उसव. शेकडा तयार व्हायला एकापासूनच सुरुवात लागते.’

जोडीने जाणाऱ्यांसाठी त्याचे दोन नियम होते. एक, कुठलीही वस्तू जोडीत एकदाच. दोन शेगड्या नकोत, दोन चाकू नकोत, दोन नकाशे नकोत. ‘दोन शेगड्या म्हणजे घटस्फोटाची तयारी,’ असं तो नवराबायकोंना सांगायचा आणि ते हसायचे. दुसरा नियम, दोन्ही खांद्यांवर सारखं ओझं. त्यासाठी तंबूसुद्धा वाटायचा. एकाच्या सॅकमध्ये कापड, दुसऱ्याच्या सॅकमध्ये काठ्या आणि खुंट्या. एकाकडे शेगडी, दुसऱ्याकडे गॅसचे डबे. यात नवीन काहीच नव्हतं. पायवाटेवर चालणारे सगळेच असं करतात. फक्त बाकीचे अंदाजाने वाटायचे आणि मापाडी काट्याने वाटायचा.

त्याच्याकडे आणखी एक काम होतं, त्याबद्दल सांगायला हवं. पायवाटेची देखभाल करणारं एक मंडळ आहे. वाटेवर कुणी दगावलं की मंडळाच्या नोंदवहीत त्याची नोंद होते आणि वर्षातून एकदा सभेत ती वाचून दाखवतात. नाव लिहीत नाहीत. फक्त पुरुष की स्त्री आणि वय. दोष देत नाहीत. काय सामान होतं, कुणाकडे होतं, काय कमी पडलं, एवढंच. ऐकणाऱ्यांनी प्रश्नही फक्त सामानाबद्दल विचारायचे, अशी रीत आहे, म्हणजे शोक करायला आलेल्या घरच्यांना त्रास होत नाही आणि पुढे जाणाऱ्यांना कळतं. ही नोंद अठरा वर्षं मापाडी लिहीत होता. सापडलेली सॅक पोलिसांकडून मंडळाकडे यायची, मंडळाकडून आमच्या तळघरात. तो ती टेबलावर उपडी करायचा, तशीच, आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवायचा. अशा दिवशी तो बोलायचा नाही. मीही मशीन हळू चालवायचो.

त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी. प्राथमिक शाळेत शिकवायची. तो तिला लहानपणापासून मास्तरीण म्हणायचा, मग ती खरंच मास्तरीण झाली. तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. उंच, अंगाने भक्कम, कमी बोलणारा. डाव्या गुडघ्याचं त्याला थोडं दुखणं होतं, बरीच वर्षं क्लच दाबून दाबून आलेलं. मापाडी त्याला चेष्टेने जावईबापू म्हणायचा आणि मुद्दाम अहो-जाहो करायचा. त्या दोघांचं छान होतं. सासऱ्याजावयाचं एवढं छान मी क्वचित पाहिलं आहे.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर दोघांनी ठरवलं की संपूर्ण पायवाट चालायची. मापाडीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर तो परक्यांच्या सॅक भरायचा, आता घरचं कुणीतरी निघालं होतं. त्याने चार महिने आराखडा केला. रोज किती चालायचं, कुठे मुक्काम, कुठल्या निवाऱ्यावर आधीच अन्नाचं पार्सल पाठवून ठेवायचं, कुठल्या दिवशी कुठले मोजे धुवायचे. मोजे धुण्याचा दिवस वाचून मुलगी म्हणाली, ‘बाबा, आम्ही फिरायला चाललोय की परीक्षेला?’

‘मास्तरीणबाई, तुम्ही वेळापत्रक लावता तेव्हा पोरं हेच म्हणतात.’

निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, जावई एकटाच तळघरात आला. दोन्ही सॅक टेबलावर होत्या. मापाडीने नुकतंच शेवटचं वजन केलं होतं. दोन्ही अकरा किलो दोनशे. एका ग्रॅमचाही फरक नाही. अठ्ठावीस वस्तू इकडच्या तिकडे करून त्याने ते जमवलं होतं आणि सकाळपासून वरच्या दुकानातल्या प्रत्येकाला खाली बोलावून दाखवलं होतं.

जावयाने ते पाहिलं, कौतुक केलं. मग खिशातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. नारिंगी प्लास्टिकची मोठी पिशवी होती, माणूस आत शिरेल एवढी. अडचणीत अंगावर ओढून बसायची असते. आमच्याच दुकानातून त्याने विकत घेतली होती.

‘बाबा, एक विचारू?’

‘विचारा.’

‘तंबू सगळाच तिच्या सॅकमध्ये ठेवला तर? काठ्यांसकट. शेगडी आणि गॅसपण. आणि माझ्यात ही पिशवी. बाकीचं जड सामान मी घेतो.’

‘म्हणजे तिच्याकडे सव्वाबारा आणि तुमच्याकडे दहा?’

‘मी तिचं खाणं उचलतो ना. जमेल.’

‘अहो, मग हे जमवलेलं सगळं मोडलं.’

‘ते खरं. पण समजा चुकामूक झाली.’

‘चुकामूक कशी होईल? एक वाट, दोन माणसं.’

जावई म्हणाला, ‘गाडीत आम्ही स्टेपनी ठेवतो बाबा. वर्षभर लागत नाही. तरी कुणी काढून ठेवत नाही.’

मापाडी हसला. त्याला विनोद सुचला की तो आधीच हसायचा. ‘जावईबापू, डोंगरात पंक्चर होत नसतं. तंबू असताना ही पिशवी म्हणजे तंबूवर छत्री.’ त्याने ती पिशवी उचलून सवयीने काट्यावर ठेवली. दोनशे ऐंशी ग्रॅम. मग माझ्या मशीनच्या बाजूच्या खिळ्याला लटकवली. ‘राहणार.’

‘निदान ती तरी राहू द्या माझ्यात,’ जावई म्हणाला.

‘मग हिच्यात दोनशे ऐंशी कशाचे घालू? सांगा.’

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी एका तंबूची लांब शिवण घालत होतो. माझ्या मनात आलं की हा बरोबर बोलतोय. फाटके तंबू शिवताना माणूस बरंच ऐकतो, आणि चुकामुकीच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. पण ते सासरा-जावई होते, आणि सामानाचं मला काय कळतं, मी शिलाईवाला. मी मशीन थांबवलं नाही. जावई म्हणाला, ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं,’ आणि जाताना म्हणाला, ‘तिला सांगू नका मी विचारलं ते. उगाच घाबरेल.’

एकोणिसाव्या दिवशी ती दोघं सगळ्यात उंच भागात होती. दुपारी धुकं उतरलं. जावयाचा गुडघा दुखायला लागला होता आणि तो मागे पडत होता. खिंडीपलीकडे तंबू लावायला सपाट जागा होती, आराखड्यात लिहिलेली. ती त्याला म्हणाली, मी पुढे जाऊन जागा धरते आणि कापड पसरते, तू सावकाश ये. तो म्हणाला, जा. पायवाटेवर हेही सगळे करतात. चपळ माणूस पुढे जाऊन जागा धरतो. खिंडीच्या अलीकडे वाटेला एक फाटा आहे. तिथला खुणेचा खांब पडला होता. ती उजवीकडून गेली, तो डावीकडून. संध्याकाळी पाऊस आणि बर्फ एकत्र सुरू झालं.

ती जागेवर पोचली, कापड काढलं आणि वाट बघत बसली. शिट्टी वाजवत राहिली. अंधार पडायच्या आत एकदा परत खिंडीपर्यंत गेली, वाऱ्याने उभं राहता येईना म्हणून परतली. मग तंबूची आतली आणि बाहेरची अशी दोन्ही कापडं स्लीपिंग बॅगेभोवती गुंडाळून त्यात पडून राहिली. तशा दोन रात्री. मंडळाच्या माणसांना ती जिवंत सापडली. तो तिसऱ्या दिवशी सापडला, तिच्यापासून सरळ रेषेत दीड किलोमीटरवर. त्याने तंबूच्या काठ्या नीट जोडून उभ्या केल्या होत्या, खुंट्यांनी पक्क्या केल्या होत्या, आणि त्यावर स्वतःचा रेनकोट बांधला होता. रेनकोट केवढा असणार. खाली स्लीपिंग बॅग चिंब होती. पिसांची बॅग भिजली की तिचा निव्वळ ओला लगदा होतो. शेजारी गॅसचे दोन भरलेले डबे होते. शेगडी तिच्याकडे होती.

ती वडिलांच्या घरी राहायला आली. शाळेत जाईना. मी दर रविवारी जायचो. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेली असायची, समोर ताट तसंच. एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणायची. ‘काका, मी कापड घेऊन पुढे गेले.’ ‘काका, त्याच्या डोक्यावर जे असायला हवं होतं ते माझ्याकडे होतं.’ मी म्हणायचो, बाळ, असं नसतं. तिला ते ऐकू यायचं नाही. मापाडी ओट्याशी पाठ करून उभा असायचा, भांडी घासत. घासलेली भांडी पुन्हा घासायचा. तीन महिन्यांत तिचं वजन किती उतरलं ते त्याला काट्याशिवाय कळत होतं. मला एकदा जिन्यात म्हणाला, ‘नऊ किलो.’ आणि पुढे म्हणाला, ‘अशी राहिली तर हीपण जाईल रे.’

त्याला माहीत होतं काय सांगायला हवं. मलाही माहीत होतं. एक वाक्य होतं, ते सांगितलं की तिच्या मनावरचा दगड उतरला असता आणि त्याच्यावर बसला असता. तो रोज ते वाक्य घेऊन घरी जायचा आणि रोज तसंच परत आणायचा. तिच्याशिवाय त्याला दुसरं कुणी नव्हतं.

मग सभेचा महिना आला. मंडळाच्या चिटणीसबाई स्वतः तळघरात आल्या. म्हणाल्या, ‘या वेळची नोंद दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. तुम्ही नका लिहू.’

‘का? मला लिहिता येत नाही?’

‘तसं नाही हो.’

‘मग मीच लिहिणार.’

दोन्ही सॅक पोलिसांकडून आल्या. त्याने त्या टेबलावर उपड्या केल्या. एकेक वस्तू काट्यावर ठेवली. ओल्याने काही वजनं बदलली होती, त्यामुळे त्याने जुना कागद काढून शेजारी ठेवला. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलेली नोंद माझ्या मशीनवर ठेवली. म्हणाला, ‘बघ जरा.’

मी वाचली. सगळं अचूक होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘जोडीतील एक व्यक्ती पुढे गेली. धुक्यात चुकामूक. निवारा दोघांत विभागलेला असल्याने कुणालाच पूर्ण मिळाला नाही.’ पिशवीचा उल्लेख नव्हता. जावई आला होता, त्याने विचारलं होतं, हेही नव्हतं.

मी कागद परत केला.

‘काही बोलायचंय?’ त्याने विचारलं.

‘नाही.’

‘तू तेव्हाही इथेच होतास.’

‘हो.’

‘तेव्हाही काही बोलला नाहीस.’

तो काही रागाने म्हणाला नव्हता. एखादी वस्तू कुठल्या ढिगात ठेवायची ते विचारावं तसं म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी तळघरात आली. कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडली होती. कपडे अंगावर लोंबत होते. तिने नोंद वाचायला मागितली. उभ्यानेच वाचली. म्हणाली, ‘बाबा, हे बरोबर नाही.’

मापाडीचा चेहरा मी पाहिला. त्याला वाटलं तिला कळलं.

‘“एक व्यक्ती पुढे गेली” असं काय लिहिता? स्त्री, एकतीस, असं लिहा. स्त्री पुढे गेली. तंबूचं कापड तिच्याकडे होतं हे माहीत असून गेली. आणि परत आली नाही.’

‘तू परत गेली होतीस. खिंडीपर्यंत.’

‘शंभर पावलं गेले असेन. लिहा. तुम्ही दुसऱ्यांचं लिहिता तेव्हा सगळं लिहिता ना? मग माझं का झाकता?’

त्याने पेन्सिल घेतली. ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. शाळेत शुद्धलेखन घालतात तसं ती एकेक शब्द सुटा करून सांगत होती. तिला मध्ये एकदा धाप लागली, तेव्हा ती माझ्या मशीनला धरून उभी राहिली. खिळ्याला लटकलेली नारिंगी पिशवी तिच्या खांद्याला लागत होती. तिने ती बाजूला सारली आणि पुढचा शब्द सांगितला. मापाडीने पेन्सिल खाली ठेवली नाही. शेवटपर्यंत लिहिलं. ‘झालं?’ तिने विचारलं. ‘झालं,’ तो म्हणाला. ती गेल्यावर तो म्हणाला, ‘तिने सांगितलेलं मी वाचणार नाही.’ मग बराच वेळ काटा पुसत बसला.

सभा ग्रंथालयाच्या खालच्या खोलीत असते, संध्याकाळी पाचला. पन्नासेक लाकडी खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग. मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्या मागे. मापाडी उठला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, सपाट.

‘पुरुष, चौतीस. स्त्री, एकतीस. एकोणिसावा दिवस. दोन्ही सॅकचं निघतानाचं वजन प्रत्येकी अकरा किलो दोनशे ग्रॅम. तंबूचं कापड स्त्रीकडे, काठ्या आणि खुंट्या पुरुषाकडे. शेगडी स्त्रीकडे, गॅस पुरुषाकडे. वाटणी वजनाप्रमाणे केली होती. वाटणी करणारा माणूस पायवाटेवर नव्हता. तो दुकानात होता. पुरुषाने निघण्याच्या दोन दिवस आधी संपूर्ण तंबू, शेगडी आणि गॅस स्त्रीच्या सॅकमध्ये ठेवावा असं सुचवलं होतं. स्वतःसाठी त्याने प्लास्टिकची निवाऱ्याची पिशवी आणली होती. चुकामूक झाल्यास म्हणून. दोन्ही गोष्टी वाटणी करणाऱ्याने नाकारल्या. पिशवी काढून ठेवली. स्त्रीला हे माहीत नव्हतं. स्त्री पुढे गेली ती वाटेवरच्या रीतीप्रमाणे. कमी काय पडलं: ती पिशवी. आणि पुरुषाचं ऐकणारा माणूस.’

तो कागद खाली ठेवून उभा राहिला. चिटणीसबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘सामानाबद्दल कुणाला प्रश्न?’ मुलगी उठली. मला तिची पाठ दिसत होती.

‘पिशवीचं वजन किती होतं?’

‘दोनशे ऐंशी ग्रॅम.’

‘कुणी काढली?’

‘मी.’

‘त्याने एकदा सांगितलं की दोनदा?’

‘दोनदा. दुसऱ्यांदा म्हणाला, निदान ती तरी राहू द्या.’

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘मी हसलो होतो. आणि विचारलं, मग हिच्यात दोनशे ऐंशी कशाचे घालू.’

ती उभीच राहिली. मला वाटलं आता पडेल, म्हणून मी हात पुढे केला. पण ती पडली नाही. तिने विचारलं, ‘आत्ता कुठे आहे ती?’

‘तळघरात. खिळ्याला.’

‘म्हणजे परवा माझ्या खांद्याला लागली ती.’

‘हो.’

‘आणखी कुणाचा प्रश्न?’ चिटणीसबाईंनी हळूच विचारलं. त्यांना काहीतरी विचारणं भाग होतं. मुलीने खुर्चीवरची पर्स घेतली आणि ती दाराकडे चालू लागली. जाताना तिने बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण मशीन कुणाचं आहे हे तिला माहीत होतं.

त्याच आठवड्यात तिने वडिलांच्या घरातून आपलं सामान हलवलं. ती आणि जावई राहायचे त्या दोन खोल्यांत परत गेली. पंधरा दिवसांनी शाळेत जायला लागली. लोक म्हणाले, शेवटी काळ हेच औषध. मापाडीने तळघर सोडलं, वयही झालं होतं. काटा मालकांनी वर दुकानात नेला. आता तिथे कुणीतरी अंदाजाने वाटणी सांगतं. मंडळाने वहीत एक नियम वाढवला, की जोडीत प्रत्येकाकडे स्वतःपुरता निवारा हवा. सभेत तो नियम दरवर्षी वाचतात.

पुढची अकरा वर्षं मुलगी बापाशी बोलली नाही. पत्र नाही, फोन नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जायची. माझ्याशी बोलायची, मोजकं. तिच्या शाळेतल्या मुलांच्या दप्तरांचे पट्टे तुटले की ती दप्तरं माझ्याकडे दुरुस्तीला आणायची, आणि मी वेळेत देतो का एवढंच बघायची. तो दिवस तिने कधी काढला नाही. मीच एकदा काढला. म्हणालो, ‘मी बोलायला हवं होतं.’ ती म्हणाली, ‘हो, हवं होतं,’ आणि दप्तरं उचलून गेली.

मापाडीला मी दर रविवारी भेटत राहिलो. शेवटची दोन वर्षं तो अंथरुणावरच होता. गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. ‘मास्तरीण कशी आहे?’ मी माहिती पुरवायचो. थोडी भर पडली आहे अंगावर. केस पांढरे होतायत. शाळेची सहल काढली होती. एकदा सांगितलं की वर्गात फार ओरडते म्हणतात हल्ली, पोरं टरकून असतात.

‘ओरडते?’

‘हो. आवाज पार रस्त्यापर्यंत येतो.’

‘जेवते ना नीट? डबा बघितलास?’

‘दप्तरं घेऊन आली तेव्हा हातात होता. दोन पुडांचा. रिकामा.’

‘रिकामा, नक्की?’

‘हलवून बघितला मी. चमचा वाजला.’

तो म्हणाला, ‘मला जरा उठवून बसव. आणि ते ताट इकडे दे.’ त्या दिवशी तो जेवला.